गव्यांनी काय विसरावं

“पण विसरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, भन्ते?”

लोकेशने पुन्हा विचारलं. भन्ते खेमधम्म चीवराची उसवलेली कड शिवत होते. सुई थांबली नाही.

“तू काय केलंस?”

“पुसून टाकलं.”

“कुणाचं?”

“गव्यांचं.”

“मग?”

“मेले.”

भन्तेंनी दोऱ्याला गाठ मारली.

“आणि पुसलं नव्हतं तेव्हा?”

“तेव्हाही मेले.”

“म्हणजे गव्यांना तुझ्या पुसण्या-न पुसण्याशी फारसं देणंघेणं नाही,” भन्ते म्हणाले.

विहारातली वरकड कामं मी बघतो; तेव्हाही शेजारी तांदूळ निवडत बसलो होतो. मला हसू आलं. लोकेशला आलं नाही.

हे गवे खरे नव्हते. लोकेश कापगतेने संगणकात एक जंगल उभं केलं होतं. विहाराच्या टेकडीवरून दिसतं तेच जंगल: त्यातले नाले, तलाव, त्यातला उन्हाळा. पडद्यावर तपकिरी ठिपके फिरत. एक ठिपका म्हणजे एक रानगवा. त्याला तहान लागे, तो पाणी शोधत चाले. कुठे पाणी मिळालं आणि कुठे मिळालं नाही, हे त्याच्या लक्षात राही. ती आठवण त्याला लोकेशने दिली होती, आणि लोकेशला तिचा फार अभिमान होता.

“माझे गवे काही म्हणजे काही विसरत नाहीत,” आल्या आल्या त्याने सांगितलं होतं. “जन्मापासूनचा प्रत्येक पाणवठा. तुम्हाआम्हाला इतकं आठवत नाही.”

“बिचारे,” भन्ते म्हणाले होते.

चीवर घेण्यापूर्वी भन्ते तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवायचे. लोकेश त्यांचा विद्यार्थी. पुढे तो बंगळुरूला गेला, प्राण्यांच्या वागण्याचं गणित मांडण्यात मोठी पदवी घेऊन आला. वयाच्या मानाने नाव बरंच झालं होतं. भन्तेंशी बोलताना मात्र अजूनही मध्येच ‘सर’ निघून जाई, मग तो जीभ चावी.

त्याच्या येण्याला कारण होतं.

जंगलाच्या कडेला पिपरबोडी नावाचा जुना तलाव आहे. तो कोहळ्यांनी, पिढ्यानपिढ्या तलाव बांधत आलेल्या लोकांनी, बांधलेला. लोकेश कोहळी. त्याच्या आजोबांचे आजोबा त्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकायला होते, असं त्याच्या घरात सांगतात. मधल्या काळात पाळ फुटली आणि तलाव कोरडा पडला. गवे आले, कोरडा तळ हुंगून परत गेले. पुढे पुढे येईनासे झाले. गेल्या पावसाळ्यात गावकऱ्यांनी दगडमाती घालून खिंडार बुजवलं. पाणी साचलं. पण ते बुजवणं तात्पुरतं. पाळ नीट बांधली नाही तर येत्या पावसात ती पुन्हा जाणार.

बांधायची की तलाव सोडून द्यायचा, हे एक समिती ठरवणार होती. समितीत बऱ्याच जणांचं म्हणणं असं की, जनावरांनी ती जागा टाकली आहे. टाकलेल्या जागेवर खर्च कशाला? गवे परत येतात का ते वैशाखात दिसलं असतं. समिती वैशाखापर्यंत थांबणार नव्हती. त्यांनी लोकेशला विचारलं, तुमचा संगणक काय सांगतो?

संगणक सांगत होता, येणार नाहीत.

लोकेशने मला ते पडद्यावर दाखवलं. पिपरबोडी निळीशार, काठोकाठ भरलेली. आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर एकेक तपकिरी ठिपका विझत होता.

“पाणी समोर आहे की,” मी म्हणालो.

“त्यांना ठाऊक आहे की तिथं पाणी नसतं. पूर्वी पाहिलंय त्यांनी.”

“मग ते विसरायला लाव.”

“लावलं, काका. ठरावीक काळाने जुनी आठवण पुसायची. पिपरबोडी कोरडी होती हे विसरले. आणि पिपरबोडी आहे हेही विसरले. वाघाची घळसुद्धा विसरले. नुसते भरकटले.”

मी थोडा वेळ विचार केला. विचार करूनही मला जे सुचतं ते बहुधा चुकीचंच असतं.

“समितीला तलावावर आलेले गवे दाखवून मोकळा हो ना. तुझ्याच हातात आहे सगळं.”

“एका ओळीचं काम आहे,” लोकेश म्हणाला. “गव्यांना सांगायचं, पिपरबोडीवर जा. जातील. तलाव वाचेल. पण मग मी…”

वाक्य त्याने तिथेच सोडलं. मी पुन्हा तांदळाकडे वळलो.

आता तो भन्तेंसमोर बसला होता आणि चिडला होता.

“मला तर वाटतं, मुळात विसरणं हाच दोष आहे. मेंदू लहान, जागा अपुरी, म्हणून प्राणी विसरतो. संगणकात जागेची कमतरता नाही. मग तो दोष मी हाताने का घालायचा?”

भन्तेंनी सुई कापडात टोचून ठेवली.

“सकाळी भिक्षेला चल,” ते म्हणाले.

“मी गव्यांचं विचारतोय, सर… भन्ते.”

“हो. सकाळी.”

या विहारात भिक्षेची एक रीत आहे. वस्तीत शिरलं की ओळीतलं एकही घर वगळायचं नाही. देणारं घर आधी आणि न देणारं मागून, असंही नाही. प्रत्येक दारासमोर पात्र घेऊन नजर खाली ठेवून उभं राहायचं. मागायचं नाही. थोडा वेळ वाट पाहायची आणि पुढे जायचं.

सकाळी भन्ते पुढे, लोकेश मागे, आणि मी त्याच्याही मागे. माझे गुडघे दुखतात, पण घरी बसून नंतर ऐकण्यापेक्षा ते बरं.

दुसरी गल्ली संपायच्या आत लोकेशच्या डोक्यात हिशेब तयार झाला होता.

“भन्ते, कोपऱ्यावरचं घर, पिठाच्या गिरणीशेजारचं, आणि ते निळ्या दाराचं. एवढ्यांत तुमचं पात्र भरतं. बाकीची पायपीट वाचेल.”

भन्ते चालत राहिले. पुढचं घर पार्बताबाईंचं. भन्ते उभे राहिले. दार उघडंच होतं. बाई आतून ओरडल्या.

“आजबी काही नाही जी, भन्ते. कालबी नव्हतं.”

भन्ते उभे.

“तुमच्या त्या पहाटच्या वंदनेच्या भोंग्यानं माही झोप मोडते. अन् डोळे उघडले का पुन्हा तुमीच दारात. कायले उभे राहता?”

“मंगल होवो,” भन्ते म्हणाले.

“मंगल होऊन राहिलं. भोंगा तेवढा बंद करा.”

लोकेशने तोंडावर रुमाल धरला. गल्ली ओलांडली तेव्हा त्याला राहवलं नाही.

“ही बाई कधी देते तरी का?”

“नाही.”

“म्हणजे तुम्हाला आठवतं सगळं.”

“चांगलं आठवतं. परवा हातात झाडू होता.”

“आणि तरी उद्या इथं उभे राहाल?”

“राहीन.”

“कशासाठी?”

“घर आहे ना.”

लोकेश थांबला. भन्ते थांबले नाहीत, म्हणून त्याला पुन्हा पावलं उचलावी लागली.

“हा नियम झाला, भन्ते. यात बुद्धी कुठे आली? माझा गवा असा वागला तर मी त्याला मूर्ख म्हणेन.”

“म्हणून घ्यायला तो जिवंत तर असेल,” भन्ते म्हणाले, आणि पुढच्या दारासमोर उभे राहिले.

परतताना लोकेश मान खाली घालून भराभर पुढे निघून गेला. मला वाटलं, आता हा सामान आवरून निघून जाईल. मला भीतीही वाटली. दोन शहाण्या माणसांचं बोलणं असं अर्धवट तुटलं की मला नेहमी वाटतं, मध्ये काहीतरी बोलून ते सांधावं. मग माझ्याच्याने बोलवत नाही, तेही बरंच होत असावं.

जेवण झालं. भन्तेंच्या रीतीप्रमाणे दुपारच्या आतच. अंगणात ऊन चढलं होतं. भन्तेंनी पात्र घासलं, विसळलं, तळाशी थोडं पाणी राहू दिलं. मग चुलीतला एक विझलेला कोळसा घेतला आणि अंगणातल्या मोठ्या फरशीवर वर्तुळ काढलं.

“लोकेश, इकडे ये. हे काय आहे?”

“वर्तुळ.”

“पिपरबोडी समज.”

“बरं.”

भन्तेंनी पात्रातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि वर्तुळाच्या आत एक शब्द लिहिला.

“वाच.”

“कोरडी.” लोकेश किंचित हसला. “पाण्याने लिहिलीत.”

“वाच पुन्हा.”

“कोरडी.”

भन्ते स्वस्थ बसले. फरशी तापलेली होती. अक्षरांच्या कडा आत आत सरकू लागल्या.

“पुन्हा.”

“को… पुढचं जातंय.”

“पुन्हा.”

लोकेश वाकून पाहू लागला.

“काही नाही उरलं.”

“काहीच नाही?”

“वर्तुळ आहे.”

“म्हणजे पिपरबोडी भरली का?”

“नाही. भरली असंही कुठे लिहिलंय?”

“मग आता तिथं काय आहे?”

 लोकेश त्या रिकाम्या वर्तुळाकडे बघत राहिला. मीही बघत होतो. विहारामागच्या आंब्यावर होले घुमत होते.

“…माहीत नाही,” तो शेवटी म्हणाला.

“कुणाला माहीत नाही? तुला?”

“गव्याला.”

भन्ते उठले. पात्र पालथं घातलं. ओसरीची पायरी चढू लागले.

“भन्ते,” लोकेश मागून म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “ते किती वेळात वाळायला हवं? मी वेग काय धरू?”

भन्तेंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

“ऊन असेल तसं,” ते म्हणाले, आणि आत गेले.

 लोकेश एकदम उठला आणि लॅपटॉप आणायला धावला. एक चप्पल अंगणातच राहिली.

त्याने काय केलं ते त्याने मला समजावून सांगितलं, आणि मला समजलं असं मी समजतो. आत्तापर्यंत गव्याची आठवण एकसंध होती. ठेवली तर सगळी, पुसली तर सगळी. आता तिचे दोन भाग केले. तलाव कुठे आहे, हे कोळशाने लिहिलेलं. ते जाणार नाही. तलावात पाणी होतं की नव्हतं, ही बातमी पाण्याने लिहिलेली. ती विरत जाईल. विरून तिचं उलटं होणार नाही, ती फक्त ‘माहीत नाही’वर येऊन थांबेल. आणि गव्याला जितकी तहान जास्त, तितकी ती लवकर वाळेल.

“आणि वाघाची घळ?” मी विचारलं. मला वाघाची काळजी होती.

“वाघ कोळशाने, काका.”

दुपार कलली तेव्हा त्याने जंगल सुरू केलं. मी चष्मा पुसून त्याच्या शेजारी बसलो. पडद्यावर चैत्र गेला. नाले एकामागून एक विटके झाले. कळपाच्या पुढे एक ठिपका इतरांहून गडद होता.

“ही म्हातारी,” लोकेश म्हणाला. “कळप हिच्यामागे चालतो.”

म्हातारी पूर्वेकडच्या नाल्यावर गेली. नाला आटलेला. ती परतली. उत्तरेच्या झऱ्यावर गेली. तिथे चिखल. ती परतली, मागोमाग सगळा कळप परतला. ठिपके हळूहळू चालू लागले होते. तहान वाढली की लोकेशचे ठिपके हळू चालतात.

मग ती दक्षिणेला वळली. पिपरबोडीच्या रोखाने.

तलावापासून हाकेच्या अंतरावर ती थांबली. मी ही जागा ओळखली. आदल्या दिवशी मी ठिपके विझताना पाहिले होते ते इथेच.

लोकेशने माझं मनगट धरलं. आपण धरलंय हे त्याच्या लक्षातही नसावं.

म्हातारी उभीच होती. कळप तिच्यामागे येऊन गोळा झाला. एक लहान ठिपका पुढे आला, पुन्हा तिच्या आड गेला…

आणि ती चालू लागली. सरळ. निळ्या रंगाच्या काठापर्यंत, आणि काठाच्या आत.

मागून सगळे आले. लहान, मोठे, मागे रेंगाळलेले, सगळे. निळ्या काठाला तपकिरी किनार लागली.  लोकेशचे ओठ हलत होते. तो मोजत असावा, किंवा नुसतं ‘प्या, प्या’ म्हणत असावा. मी विचारलं नाही.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. पडद्यावर पाऊस पडला. कळप होता.

त्याने पुन्हा सुरू केलं. पुन्हा जगले. उन्हाळा अधिक कडक केला. एक म्हातारा गवा गेला, तेवढं खऱ्या जंगलातही होतं, कळप जगला. मग पिपरबोडी रिकामी करून पाहिली आणि दुसराच एक टाकून दिलेला तलाव भरला. म्हातारी दोनदा फसली, पण त्या तलावावर गेलीच. लोकेशने खुर्ची मागे ढकलली आणि एका पायात चप्पल घालून अंगणभर फिरला. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या वयाला ते शोभलं नसेल, पण तिथे पाहायला कुणी नव्हतं.

आवाज ऐकून भन्ते ओसरीत आले.

“काय झालं?”

“जगले, सर.”

या वेळी त्याने जीभ चावली नाही. भन्तेंनीही दुरुस्त केलं नाही.

“गवे?” भन्ते म्हणाले.

“सगळा कळप.”

“छान,” भन्ते म्हणाले. “तांदूळ आत घ्या. मुंग्या लागतील.”

दुसऱ्या दिवशी लोकेश गेला. समितीत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. त्यानेच नंतर येऊन सांगितलं, आणि तो सांगताना इतका रंगला होता की थोडंफार इकडेतिकडे झालं असेल.

पडदा पाहून झाल्यावर मुख्य साहेबांनी विचारलं, “म्हणजे गवे परत येतील याची तुम्हाला खात्री आहे?”

“नाही,” लोकेश म्हणाला.

“मग हे सगळं काय दाखवलंत?”

“त्यांनाही खात्री नाही, साहेब. म्हणून येतील.”

 समितीतल्या एका वयस्क वनाधिकाऱ्याने चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाला, “ती म्हातारी थांबते तिथपासून परत लावा बघू.”

परत लावलं. या वेळी म्हातारी चालू लागली तेव्हा मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, “चल गं बाई.” मग हसण्याची एक लाट आली, आणि पाळ बांधायचं ठरलं. पिपरबोडी सोडून द्यायची हा विषय त्या बैठकीत पुन्हा निघाला नाही.

लोकेश हे सांगायला आला तो वैशाखात. पाळीवर दगड बसू लागले होते. गावची निम्मी माणसं कामावर होती आणि लोकेश स्वतः चार पाट्या माती टाकून आला होता. हाताला फोड आले होते, ते तो मिरवत होता. पण त्याच्याकडे त्याहून मोठी गोष्ट होती. त्याने मोबाइल भन्तेंपुढे धरला.

“आज पहाटेचं. मी स्वतः काढलं.”

भन्तेंनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. मग मला दिला. पिपरबोडीच्या काठचा चिखल होता. चिखलात खूर उमटले होते. मोठे, लहान, एकमेकांवर पडलेले. पाण्यापर्यंत गेलेले, आणि सावकाश परतलेले.

“गवे?” मी विचारलं. 

“गवेच, काका. खरे. जंगलाच्या राखणदाराने खात्री केली. सगळा कळप पिऊन गेला. समितीने मला विचारलं होतं, त्याचं उत्तर गव्यांनी परस्पर देऊन टाकलं.”

तो हसत होता. मीही. भन्तेंचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण त्यांनी मोबाइल पुन्हा मागून घेतला आणि बराच वेळ पाहिला.

थोड्या वेळाने लोकेश शांत झाला.

“एक दोष मात्र राहिलाय, भन्ते.”

“कोणता?”

“पडद्यावरचे गवे कधीकधी खरोखरच कोरड्या असलेल्या तलावावर जातात. हळूहळू तिथवर चालतात. पाणी नसतं. जरा उभे राहतात आणि परततात. समितीतले एक साहेब म्हणाले, फुकटची पायपीट आहे, पुढच्या वेळी एवढं काढून टाका. मला काढता येईल… थोडं गणित करावं लागेल, पण येईल.” तो भन्तेंकडे पाहत राहिला. “काढू?”

भन्तेंनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “पाय त्यांचे आहेत.”